उद्योगाची मागणी सरकारदरबारी कशी न्यावी : सांगली-साताऱ्याच्या कारखानदार संघटनांसाठी

मिरज, कुपवाड, पलूस, तासवडे किंवा शिरवळ, औद्योगिक वसाहत कोणतीही असो, संघटनांची निवेदने बहुधा एकाच साच्यातली असतात. वीज महाग, रस्ते खराब, कर दुहेरी, भूखंड मिळत नाहीत. अशा दहा-बारा मागण्या, खाली सह्या आणि पालकमंत्र्यांना निवेदन देतानाचा फोटो. त्यातून काही निघत नाही, कारण त्या दहा मागण्यांवर निर्णय घेणारे अधिकारी पाच-सहा निरनिराळ्या कार्यालयांत बसलेले असतात आणि त्यांच्यापैकी एकालाही त्या कागदावर टिपणी लिहिता येत नाही. प्रश्न खरे असतात. कागद चुकीचा असतो.

म्हणून पहिला नियम असा : एका कागदावर एकच मागणी, ती मागणी मान्य करण्याचा अधिकार असलेल्या एकाच कार्यालयाला, आणि तपासून पाहता येईल अशा एका आकड्यासह.

निर्णय कोणाच्या हातात आहे, ते आधी शोधा

विजेचे उदाहरण घेऊ, कारण फाउंड्री आणि मशिन शॉपवाल्यांचे सगळ्यात मोठे दुखणे तेच आहे. उच्चदाब ग्राहकाचे बिल समोर ठेवा आणि एकेका ओळीवर निर्णय घेणाऱ्याचे नाव लिहा. ऊर्जा आकार (वापरलेल्या युनिटवरचा), मागणी आकार (कमाल भारावरचा), वहन आकार (वीज वाहून आणण्याचा) आणि वेळेनुसार मिळणारी सवलत हे सगळे महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवतो. इंधन समायोजन आकारही आयोगाच्याच सूत्राने येतो. वीज शुल्क आणि वीज विक्रीवरील कर मात्र राज्य सरकारचे. त्यांना आयोग हात लावू शकत नाही. वारंवार वीज जाणे, रोहित्र, वाढीव भार मंजुरी ही महावितरणच्या मंडल कार्यालयाची कामे. चुकीच्या आकारणीसाठी ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यावर विद्युत लोकपाल.

आता अनुदानाची गोष्ट. विदर्भ, मराठवाडा, उत्तर महाराष्ट्र आणि ‘ड’ व ‘ड+’ (औद्योगिकदृष्ट्या कमी विकसित) गटांतल्या तालुक्यांमधल्या उद्योगांना राज्य सरकार २०१६ पासून वीजदरात अनुदान देते. पश्चिम महाराष्ट्राच्या बाकीच्या तालुक्यांना ते मिळत नाही. ‘आम्हालाही तेवढाच दर द्या’ ही मागणी आयोगापुढच्या सुनावणीत मांडणे म्हणजे वेळ वाया घालवणे आहे. अनुदान द्यायचे की नाही हा वीज कायदा २००३ च्या कलम ६५ प्रमाणे सरकारचा निर्णय आहे, आणि सरकारने ती रक्कम आगाऊ भरायची असते. म्हणजे ही मागणी मंत्रालयात, उद्योग आणि ऊर्जा विभागाकडे जायला हवी, तिजोरीवर किती भार पडेल याच्या हिशेबासह. ‘वीज महाग आहे’ ही तक्रार एकच, पण तिला दारे दोन आहेत आणि दोन्ही दारांवर वेगळा कागद लागतो.

जीएसटीचा मार्ग आणखी वेगळा. तिथे मुंबईतला एकटा मंत्री दर बदलू शकत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २७९ए प्रमाणे जीएसटी परिषदेत केंद्राच्या मताचे वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचे मिळून दोन तृतीयांश, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश बहुमत लागते. तासगावच्या बेदाण्याचे उदाहरण इथे अभ्यासण्यासारखे आहे. २१ डिसेंबर २०२४ ला जैसलमेरच्या ५५ व्या बैठकीत परिषदेने स्पष्ट केले की शेतकऱ्याने स्वतः विकलेल्या बेदाण्यावर जीएसटी देय नाही. बेदाण्यावरचा ५ टक्के दर बदलला नाही, कायदाही बदलला नाही. शेतकऱ्याला नोंदणीतून सूट देणारे जीएसटी कायद्याचे कलम २३ आधीपासून होतेच. त्याचा अर्थ स्पष्ट झाला. दरकपात मागितली की महसूल किती बुडेल हा प्रश्न पुढे येतो. स्पष्टीकरण मागितले तर तो प्रश्न बराच सौम्य होतो. म्हणून मागणी लिहिण्याआधी स्वतःला विचारा : आपल्याला नवा नियम हवा आहे, की आहे त्याच नियमाचा नीट अर्थ लावून हवा आहे? दुसऱ्याने काम भागत असेल तर तेच मागा.

आकडा कसा तयार करायचा

‘आमचे उद्योग कर्नाटकात जातील’ हे वाक्य निवेदनातून काढून टाका. प्रत्येक सीमाभागातून ते वर्षानुवर्षे येत आहे, त्यामुळे आता ते कुणी वाचत नाही. त्याऐवजी वस्तूमागे किती फरक पडतो ते दाखवा.

सुस्थितीतल्या इंडक्शन भट्टीला एक टन लोखंड वितळवायला साधारण ५५० ते ६५० युनिट लागतात. ६०० धरू. रनर, रायझर (साच्यातल्या धातूच्या वाटा) आणि रिजेक्शन (खराब माल) जाऊन ओतलेल्या धातूपैकी समजा ६० टक्के चांगले कास्टिंग हाती येते. म्हणजे एक टन विक्रीयोग्य कास्टिंगसाठी नुसत्या वितळणीला १,००० युनिट. किलोला एक युनिट. मग हिशेब सोपा होतो : युनिटमागे एक रुपयाचा फरक म्हणजे किलोमागे एक रुपयाचा फरक. महिन्याला ३०० टन कास्टिंग काढणाऱ्या फाउंड्रीला तो ३ लाख रुपये पडतो. सँड प्लांट, कॉम्प्रेसर, फेटलिंगची वीज यात धरलेली नाही. ती स्वतंत्र ओळीत दाखवा. हे एवढे एक पान मंत्रालयातला कक्ष अधिकारी दहा मिनिटांत तपासू शकतो, आणि त्याला तपासता येणे हीच कागदाची खरी ताकद आहे.

राज्याराज्यांची तुलना करताना मात्र जपून. सगळ्यात मोठी चूक इथेच होते. आपल्याकडचा सगळे आकार मिळून आलेला सरासरी दर घ्यायचा आणि शेजारच्या राज्याचा फक्त ऊर्जा आकार घ्यायचा, की फरक दुप्पट दिसतो. समोरचा अधिकारी ते एका मिनिटात पकडतो आणि मग बाकीच्या खऱ्या आकड्यांवरही त्याचा विश्वास राहत नाही. तुलना करायची तर एक काल्पनिक कारखाना ठरवा : मंजूर भार इतका, भार घटक (भाराच्या प्रमाणात सरासरी वापर) इतका, पाळ्या इतक्या. त्याच कारखान्याचे महिन्याचे पूर्ण बिल दोन्हीकडच्या दरपत्रकांनुसार काढा. बेळगावशी तुलना असेल तर हुबळीच्या वीज कंपनीचे, कर्नाटकच्या आयोगाने मंजूर केलेले दरपत्रक घ्या. कुणीतरी फोनवर सांगितलेला दर नको. आपल्याकडे उच्चदाब ग्राहकांची आकारणी एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर (पॉवर फॅक्टरचा परिणाम धरणारे माप) होते. तिकडे ती केडब्ल्यूएचवर (नुसते युनिट) असेल तर पॉवर फॅक्टर धरून दोन्ही एकाच मापात आणा.

भार घटकाचे महत्त्व पुष्कळांच्या लक्षात येत नाही. समजा मागणी आकार केव्हीएला महिना ६०० रुपये आहे, आणि पॉवर फॅक्टर एक धरला. महिन्याचे तास ७२०. कारखाना ३० टक्के भार घटकाने चालला तर एका केव्हीएमागे २१६ युनिट वापरले जातात आणि मागणी आकार युनिटला २ रुपये ७८ पैसे बसतो. तोच ६० टक्क्यांनी चालला तर ४३२ युनिट, आणि आकार १ रुपया ३९ पैसे. दर तोच, पण युनिटमागचा आकार निम्मा झाला, आणि तो फरक कारखान्याच्या वापरातून आला. म्हणून एक पाळी चालवणाऱ्या मशिन शॉपचे आणि अखंड चालणाऱ्या भट्टीचे बिल एकाच सरासरीत मिसळू नका. सरासरी निघेल, पण ती कुणाचीच नसेल.

आकडे गोळा करताना वसाहतीतले २५-३० कारखाने घ्या, आणि त्यात सूक्ष्म, लघू, मध्यम असे सगळे येऊ द्या. १ एप्रिल २०२५ पासूनच्या व्याख्येनुसार सूक्ष्म म्हणजे यंत्रसामग्रीत अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि दहा कोटींपर्यंत उलाढाल. लघूसाठी २५ आणि १०० कोटी. मध्यमसाठी १२५ आणि ५०० कोटी. जुन्या व्याख्येवर केलेले वर्गीकरण जोडू नका. प्रत्येकाकडून सलग बारा महिन्यांची बिले मागा. दोन-तीन महिन्यांच्या बिलांवर सणाच्या किंवा मंदीच्या महिन्याची सावली पडते. कारखान्यांना नावाऐवजी क्रमांक द्या, आणि मूळ बिले संघटनेच्या पदाधिकाऱ्यांकडे न देता एखाद्या बाहेरच्या सीएकडे ठेवा. सभासद आपापसांत स्पर्धक असतात. दुसऱ्याच्या हाती आपला खर्च जाईल या भीतीने ते बिलेच देत नाहीत, आणि ती भीती रास्त आहे.

विक्रीचा दर तर कधीही गोळा करू नका. संघटनेच्या बैठकीत ‘किलोला इतके घ्यायचे’ अशी चर्चा झाली आणि ती इतिवृत्तात आली, तर स्पर्धा कायदा २००२ चे कलम ३ लागू शकते. खर्चाची सरासरी काढण्याला हरकत नाही. दर ठरवणे हे संघटनेचे काम नव्हे, हे बैठकीच्या सुरुवातीलाच बोलून टाकावे.

वीज आयोगापुढे हरकत कशी नोंदवावी

महावितरण बहुवर्षीय दरनिश्चितीची याचिका दाखल करते. सध्याचा कालखंड २०२५-२६ ते २०२९-३० असा आहे. मध्ये आढावा किंवा फेरविचाराच्या याचिका येतात. याचिका आली की वर्तमानपत्रांत जाहीर सूचना येते, तिचा सारांश मराठीत मिळतो आणि हरकतींसाठी मुदत दिलेली असते. ती मुदत थोडी असते, म्हणून वरचा खर्चाचा हिशेब आधीच तयार पाहिजे. सूचना वाचल्यावर बिले गोळा करायला लागलात तर उशीर झाला. परिपूर्ण अर्ज मिळाल्यापासून १२० दिवसांत आयोगाने आदेश द्यायचा असतो, त्यामुळे मुदतवाढीच्या भरवशावर राहू नका.

हरकत लेखी द्या; ती आयोगाच्या संकेतस्थळावरूनही नोंदवता येते. ‘प्रत्यक्ष सुनावणीत बोलायचे आहे’ असे त्यात स्पष्ट लिहा. पश्चिम महाराष्ट्राची सुनावणी बहुधा पुण्याला असते आणि बोलायला मोजकी मिनिटे मिळतात, म्हणून एकाच माणसाने बोलावे आणि सगळे लेखीच द्यावे. नुसते ‘दर जास्त आहेत’ म्हटल्याने काही होत नाही. याचिकेतल्या विशिष्ट पानावरच्या विशिष्ट आकड्यावर बोट ठेवा : वितरण हानी इतकी का धरली, कृषिपंपांचा वापर कशावरून काढला, महाग वीजखरेदीचा बोजा कशामुळे. आधार वीज कायद्याच्या कलम ६१(जी) चा घ्या. त्यात क्रॉस सबसिडी (एका गटाकडून जास्त दर घेऊन दुसऱ्याला स्वस्त वीज देणे) क्रमाक्रमाने कमी करावी असे म्हटले आहे. राष्ट्रीय दर धोरणात सरासरी पुरवठा खर्चाच्या वर-खाली २० टक्क्यांची मर्यादा आहे. याचिकेतलाच सरासरी पुरवठा खर्च घेऊन आपल्या ग्राहक गटाचा दर त्याच्या किती टक्के येतो ते काढा. त्यांचाच आकडा असल्यामुळे तो त्यांना नाकारता येत नाही.

वेळेनुसार सवलतीचा मुद्दा फाउंड्रीसाठी वेगळा मांडावा लागतो. पूर्वी सवलत रात्री १० ते सकाळी ६ होती, म्हणून भट्ट्या रात्री लागत. सौर वीज वाढल्यावर सवलत दिवसाच्या तासांकडे नेण्याचे धोरण आले. तिथे नुसता विरोध करू नका. पाळी बदलायला काय लागते ते सांगा. भट्टी दिवसा लावली तर मोल्डिंग कधी, कामगारांची पाळी कशी, ओव्हरटाइम किती, मंजूर भार वाढवावा लागेल का. किती महिन्यांचा संक्रमणकाळ पुरेल तेही लिहा. आयोग असा मुद्दा ऐकून घेऊ शकतो.

आयोगाच्या आदेशात प्रत्येक मुद्द्यावरची हरकत, महावितरणचे उत्तर आणि आयोगाचा निर्णय असे क्रमाने छापलेले असते. तुमचा मुद्दा तिथे नोंदला गेला तर पुढे अपिलाला पाया मिळतो. कलम १११ प्रमाणे अपीलीय न्यायाधिकरणाकडे जायला ४५ दिवस असतात. जो मुद्दा लेखी मांडलाच नाही, त्यावर अपिलात उभे राहणे अवघड.

जिल्ह्यातच सुटणारी कामे

पथदिवे, सांडपाण्याची नाली, अतिक्रमण, एमआयडीसीचे सेवाशुल्क आणि स्थानिक संस्थेची घरपट्टी यांचा घोळ, वसाहतीतली पोलिस गस्त, बसफेरी यांसाठी मुंबईला जाऊ नका. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा उद्योग मित्र समिती असते आणि जिल्हा उद्योग केंद्राचे महाव्यवस्थापक तिचे सदस्य सचिव. बैठकीच्या किमान पंधरा दिवस आधी मुद्दा लेखी देऊन विषयपत्रिकेवर घ्यायला लावा. आयत्या वेळचा विषय म्हणून मांडलेल्या मुद्द्याला ‘संबंधितांनी कार्यवाही करावी’ एवढेच उत्तर मिळते. विषयपत्रिकेवर असेल तर संबंधित अधिकारी तयारीने येतो. बैठक झाली की इतिवृत्त मागा, आणि पुढच्या बैठकीत आधी मागच्या विषयांचा अनुपालन अहवाल वाचला जावा असा आग्रह धरा. सलग तीन बैठका विषय तसाच राहिला तर तो विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालच्या विभागीय समितीकडे पाठवावा असे लेखी द्या.

परवाना किंवा ना-हरकत दाखला अडला असेल तर ते धोरणाचे काम नाही, ती सेवा आहे. लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली ती अधिसूचित आहे का पाहा. असेल तर मुदत उलटल्यावर अपील करा. दोषी अधिकाऱ्याला त्यात ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. अशा वैयक्तिक अडचणी संघटनेच्या धोरणात्मक निवेदनात घुसडल्या की मूळ मागणी पातळ होते.

मंत्रालयातला कागद

धोरण बदलायचे असेल तर निवेदन दोन पानांचे, बाकी सगळे परिशिष्टात. वर विषय. मग संदर्भ : कोणत्या शासन निर्णयातला कोणता परिच्छेद अडतो, त्याचा क्रमांक आणि तारीख. राज्याच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेत बदल हवा असेल तर आपला तालुका कोणत्या गटात आहे आणि कोणत्या निकषामुळे आहे ते लिहा. ‘अन्याय झाला’ हा निकष नाही. मग वस्तुस्थिती एका परिच्छेदात, आकडा एका तक्त्यात. आणि सर्वात महत्त्वाचे, हव्या असलेल्या बदलाचा मसुदाच लिहून द्या : ‘परिच्छेद अमुकमधील या शब्दांऐवजी पुढील शब्द वाचावेत.’ शेवटी शासनावर पडणारा वार्षिक भार. तो लपवला तर वित्त विभाग स्वतः काढतो, आणि वित्त विभागाचा आकडा नेहमी मोठा असतो.

मंत्र्यांचा ‘तपासून प्रस्ताव सादर करावा’ हा शेरा मिळाला की काम झाले असे अनेकांना वाटते. शेऱ्याने फक्त नस्ती, म्हणजे फाइल, सुरू होते. टिपणी लिहिणारा कक्ष अधिकारी असतो. ती अवर सचिव, उपसचिव असा प्रवास करत वर जाते. म्हणून आवक क्रमांक घ्या, कोणत्या कार्यासनाकडे गेले ते विचारा आणि त्या अधिकाऱ्याला आकड्यांची फाइल समजावून द्या. राज्याच्या २००५ च्या बदल्यांच्या कायद्यातच, कलम १० मध्ये, कोणतीही नस्ती एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये असे म्हटले आहे. त्याचा उल्लेख स्मरणपत्रात नम्रपणे करा. तरीही हालचाल नसेल तर माहिती अधिकार अर्ज : १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. ‘का केले नाही’ असे विचारू नका, उत्तर मिळणार नाही. ‘या आवक क्रमांकाच्या पत्रावरील टिपणीची छायांकित प्रत द्यावी’ असे मागा.

बदल्यांच्या त्याच कायद्यानुसार नियमित बदल्या एप्रिल-मेमध्ये होतात. त्या दोन महिन्यांत नव्या विषयाची सुरुवात करू नका. अधिकारी बदलला की सगळे पुन्हा सांगावे लागते. अर्थसंकल्प मार्चमध्ये येतो, पण विभागांचे प्रस्ताव शरद ऋतूतच बनू लागतात. संघटनेचे निवेदन दिवाळीच्या सुमारास विभागात पोचले पाहिजे. फेब्रुवारीत दिलेले निवेदन बातमीच्या कामाचे. अर्थसंकल्प हुकला तर पावसाळी आणि हिवाळी अधिवेशनातल्या पुरवणी मागण्या हा दुसरा रस्ता आहे.

आमदारांकडे जाताना भाषण नको, तयार प्रश्न न्या, विधिमंडळाच्या भाषेत : ‘अमुक औद्योगिक क्षेत्रात अमुक झाले आहे, हे खरे आहे काय, असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ प्रश्न एकाच पक्षाच्या आमदाराला देऊ नका. उत्तरात ‘हे अंशतः खरे आहे’ असे आले तरी ते शासनाचे लेखी म्हणणे असते आणि पुढच्या निवेदनाच्या संदर्भात जोडता येते.

आणखी एक जागा अलीकडे महत्त्वाची झाली आहे. राज्याची अर्थव्यवस्था एक लाख कोटी डॉलरची करण्याच्या उद्दिष्टातून प्रत्येक जिल्ह्याचा धोरणात्मक आराखडा तयार झाला आहे. २०२२ मध्ये स्थापन झालेली ‘मित्रा’ ही संस्था या कामाच्या केंद्रस्थानी आहे. आपल्या जिल्ह्याचा आराखडा जिल्हाधिकारी कार्यालयातून मागून वाचा आणि आपली मागणी त्यातल्या कोणत्या उद्दिष्टाला धरून आहे ते निवेदनात दाखवा. खंबाटकी घाटातली वाहतूक, कवठे महांकाळ-जत पट्ट्यातले रोजगार, हळद-बेदाण्यावरची प्रक्रिया हे विषय अशा आराखड्याच्या भाषेत मांडले तर अधिकाऱ्याला ते ‘आपले’ काम वाटते.

‘मंत्रालयातून काम करून आणतो’ म्हणणाऱ्या मध्यस्थासाठी सभासदांकडून पैसे गोळा करू नका. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेला पात्र आहे, आणि व्यावसायिक संस्थेवर वेगळी जबाबदारी येते. मुंबईचा प्रवास, सीएची फी, आयोगापुढे तांत्रिक सल्लागार हे खर्च सभेच्या ठरावाने आणि पावतीने करा.

मागणी मान्य होऊन शासन निर्णय निघाला तरी संघटनेचे काम आणखी काही महिने उरते. निर्णयात अंमलाची तारीख आहे का, पात्रतेत ‘नवीन उद्योग’ असा शब्द घुसून जुने कारखाने बाहेर पडले का, लेखाशीर्ष आणि तरतूद दाखवली आहे का, हे त्याच दिवशी वाचा. वीजदराचा निर्णय असेल तर महावितरणचे परिपत्रक निघेपर्यंत बिलाच्या प्रणालीत बदल होत नाही. पहिल्या महिन्यात ज्यांची बिले आधीच गोळा केली होती, त्याच २५-३० कारखान्यांची नवी बिले मागवा आणि ओळीने ओळ जुळवा. तफावत दिसली तर ती त्याच महिन्यात लेखी कळवा, कारण थकबाकीच्या वादात जुन्या महिन्यांची दुरुस्ती करून घेणे कितीतरी अवघड जाते.